स्प्रे डिटेलर कुठला घ्यायचा आणि कसा मारायचा : वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रं आणि मेसेज एकाच गोष्टीवर आलेत, ती म्हणजे गाडीवर मारायची आणि पुसायची स्प्रेची बाटली. क्विक डिटेलर, स्प्रे वॅक्स, सिरॅमिक स्प्रे, नावं कितीही असली तरी प्रश्नांचा सूर एकच दिसतोय, की बाटली आणली पण पाहिजे तसं झालं नाही. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : काळी सेडान आहे, दोन वर्षांची. सोसायटीत गाड्या पुसायला एक दादा येतात रोज सकाळी. त्यांच्या फडक्याची भीती वाटायची म्हणून मी ऑनलाइन चांगला महागाचा स्प्रे डिटेलर मागवला आणि त्यांनाच दिला, म्हटलं रोज हा मारा आणि मग पुसा. आता उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसायला लागलेत. स्प्रे खराब निघाला का? (डोंबिवली)

उत्तर : नाही हो, स्प्रेचा दोष नाही, तो धुळीवर मारला गेला हे चुकलं. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून एक थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०, आणि माणसाचा केस धरा ७० च्या आसपास. म्हणजे जो थर चमकतो आणि उन्हापासून रंगाला वाचवतो तो केसापेक्षाही पातळ आहे, आणि रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे जे कण असतात ते त्याच्यापेक्षा कितीतरी कडक असतात. फडक्याखाली तो कण अडकला आणि हात गोल फिरला की गोल चरा उमटलाच, मग वर डिटेलर मारलेला असो की साधं पाणी.

डिटेलरमध्ये पाणी, थोडा साबणाचा अंश, निसरडं करणारे घटक आणि कशाकशात मेण किंवा पॉलिमर असतं. गाडी धुऊन झाल्यावर उरलेले पाण्याचे डाग, बोटांचे ठसे, झाकून ठेवलेल्या गाडीवर बसलेली हलकी भुकटी, एवढं त्याने छान निघतं. डोंबिवलीतली रोजची धूळ, एमआयडीसी आणि रस्त्यांची कामं धरून, हलकी नाहीये. तुम्हाला ओळखायचं असेल तर मागच्या काचेवर बोट ओढून बघा, रंगावर नको, काचेवरच. बोटाची स्वच्छ रेघ उठली आणि बोट मळलं तर त्या दिवशी गाडीला पाणीच पाहिजे, स्प्रे नाही.

आणि दादांना बोल लावू नका, त्यांच्याकडे पंधरा-वीस गाड्या, एक बादली, एक फडकं आणि ऑफिसची वेळ व्हायच्या आत सगळं उरकायचं असतं. त्यांना सांगा की पैसे तेवढेच देतो पण रोज फक्त काचा पुसा, आणि आठवड्यातून एकदा गाडी नीट धुवा, आधी भरपूर पाणी मारून धूळ खाली जाऊ द्या, मग एका बादलीत शाम्पू आणि दुसऱ्या बादलीत साधं पाणी, प्रत्येक पॅनल (दार, बॉनेट असा एकेक भाग) झाला की मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, साध्या पाण्यात पिळायचं आणि मग परत शाम्पूत बुडवायचं. बादल्या, मिट, फडकी तुमची ठेवा, त्यांच्यावर तो खर्च टाकू नका. आधी आलेले चरे स्प्रेने जाणार नाहीत, वरवर थोडे झाकले जातात एवढंच. ते काढायला मशीन पॉलिशच लागतं, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडासा घासून सपाट करणं, त्यामुळे दर सहा महिन्यांनी रबिंग-पॉलिश करून घेण्याची सवय अजिबात लावून घेऊ नका. एकदाच करा, जाडी मोजायचं मीटर आहे अशा ठिकाणी करा आणि नंतर धुण्याची पद्धत सांभाळा.

प्रश्न : क्विक डिटेलर, स्प्रे वॅक्स, स्प्रे सीलंट, सिरॅमिक स्प्रे, वॉटरलेस वॉश... दुकानदार प्रत्येकाला "डिटेलर"च म्हणतो. नवी ग्रे हॅचबॅक आहे, उघड्यावर पार्क होते, शेजारी बांधकाम चालू आहे. एकच बाटली घ्यायची तर कुठली? (वाकड, पुणे)

उत्तर : दुकानदाराचंही बरोबर आहे, सगळ्या बाटल्या दिसायला आणि मारायला सारख्याच. फरक पुसल्यानंतर मागे काय राहतं त्यात आहे.

क्विक डिटेलर मागे जवळजवळ काही ठेवत नाही, चमक देतो, पहिल्या-दुसऱ्या पावसात गेला. स्प्रे वॅक्समध्ये बहुतेक वेळा कार्नोबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, गडद रंगावर त्याची खोली सुंदर दिसते पण आपल्या उन्हात ते काही आठवडेच टिकतं. स्प्रे सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर, ते दोन-तीन महिने काढतं. सिरॅमिक स्प्रेमध्ये सिलिकावर आधारलेले घटक असतात, नीट लागला तर त्याहून जास्त टिकतो, पाणी गोळे होऊन पळतं, पण लावायला जरा हात बसावा लागतो. बाटलीवर "एक वर्ष" लिहिलेलं असलं तरी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याच्या निम्मं धरा, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. आणि वॉटरलेस वॉश हे धुण्याचं लिक्विड आहे, त्यात मळ उचलून धरणारे घटक जास्त असतात, संरक्षणासाठी ते घेऊ नका.

तुमच्या गाडीला मी सिरॅमिक स्प्रे किंवा चांगला सीलंट सांगेन, कारण उघड्यावरच्या गाडीला चमक नको, आडोसा हवाय. ३एम, मेग्वायर्स, टर्टल वॅक्स, सोनॅक्स, आपल्याकडचं वेवेक्स, यातलं कुठलंही चालेल, बाटलीपेक्षा फडक्यावर दोनशे रुपये जास्त घाला असं माझं स्पष्ट मत आहे. फडकं मायक्रोफायबरचं, ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे जाडीचं माप) आसपास, कडेला जाड टाके नसलेलं, आणि त्याला लागलेली कंपनीची चिठ्ठी कापून टाका, ती चिठ्ठीच रंगावर रेघ मारते. दोन फडकी पाहिजेत, एक पसरवायला आणि एक कोरडं करायला. चौघडी घातली की एका फडक्याच्या आठ बाजू मिळतात, एक मळली की पुढची. जमिनीवर पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत वापरायचं नाही. धुताना सुती कपड्यांसोबत टाकू नका, सुताचे तंतू त्यात अडकून बसतात, आणि कपडे मऊ करायचं लिक्विड तर मुळीच नको, त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडकं पाणी शोषायचं थांबतं. साधं लिक्विड डिटर्जंट, कोमट पाणी, सावलीत वाळवणं, इस्त्री नाही.

शेजारच्या बांधकामाचं मात्र वेगळं सांगतो. सिमेंटची भुकटी गाडीवर बसली आणि वर दव पडलं की ती तिथेच धरते, आणि ती अल्कलीयुक्त असल्यामुळे रंगाला लागते. त्यावर ना स्प्रे मारायचा ना ओलं फडकं फिरवायचं. होसने भरपूर पाणी, हात न लावता, आणि ते लगेच.

प्रश्न : आमच्याकडे पाण्याची काय अवस्था असते तुम्हाला माहीतच आहे. गाडीला बादलीभर पाणीसुद्धा द्यायला जीवावर येतं, आणि आहे ते बोअरचं, वाळलं की पांढरे ठिपके. अशात स्प्रेवर भागेल का? (लातूर)

उत्तर : २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव तुमचं, तिथे कोणी होस लावून गाडी धुवा म्हणून सांगू नये. पण नुसत्या स्प्रेवर नका जाऊ, तुमच्यासाठी रिन्सलेस वॉश नावाचा प्रकार आहे. हे लिक्विड पाण्यात घालून त्याच पाण्याने गाडी पुसायची आणि वरून पाणी मारायचंच नाही. बऱ्याच अशा लिक्विडचं प्रमाण १:२५६ असतं, म्हणजे १० लिटर पाण्याला साधारण ४० मिली, तरी आपल्या बाटलीवरचं प्रमाण बघून घ्या. त्या पाण्यात सात-आठ मायक्रोफायबर फडकी भिजत घाला. एक पॅनल, एक फडकं. आधी तेच पाणी साध्या स्प्रे बाटलीत भरून पॅनलवर भरपूर मारा, एक-दोन मिनिटं मुरू द्या, मग फडकं न दाबता, फक्त त्याच्या वजनाने, सरळ रेषेत ओढा, गोल नाही. वापरलेलं फडकं बादलीत परत बुडवायचं नाही, बाजूला टाकायचं. छपरापासून सुरू करा आणि दारांचा खालचा भाग, जिथे चिखलाचे शिंतोडे असतात, तो शेवटी. ज्या दिवशी खालच्या भागावर वाळलेला चिखल असेल त्या दिवशी तेवढ्या भागाला दोन तांबे पाणी द्याच, तिथे काटकसर केली तर रंग जातो.

पांढरे ठिपके म्हणजे बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, पाणी उडून जातं आणि तो मागे राहतो. ठिपका ताजा असेल तर डिटेलरने निघतो. जुना असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात, थंड पॅनलवर मिनिटभर ठेवून ओल्या फडक्याने टिपून काढा आणि वर साधं पाणी लावून पुसा. तरीही डाग राहिला तर तो रंगात उतरलाय, त्याला पॉलिश लागेल.

अजून एक, पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेच जण आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी गाडीला वापरतात. हेतू चांगला आहे पण गाळून राहिलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, ते फरशीला वापरा. गाडीला एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी साठवा, ते हवेतली वाफ गार होऊन झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फडक्यातून गाळून घेतलं की झालं. लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी मिळेल, पण लिक्विड पातळ करायला पुरतं.

प्रश्न : सिरॅमिक स्प्रे आणला, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मारला आणि पुसला, तर गाडीवर इंद्रधनुष्यासारखे तेलकट चट्टे. जितकं पुसतो तितके पसरतात. (नागपूर)

उत्तर : किती वाजता मारला ते तुम्ही लिहिलं नाही पण मे महिन्यातलं पत्र आहे म्हणून विचारतो, सकाळी दहानंतर का? नागपुरात उन्हात उभ्या गडद गाडीचा पत्रा ७० अंशांच्या आसपास सहज जातो, त्यावर स्प्रे पडल्या पडल्या त्यातलं पाणी उडतं आणि बाकीचं पुसायच्या आतच चिकटून बसतं. दुसरं कारण म्हणजे जास्त मारणं, आणि हे जवळजवळ सगळेच करतात, कारण थोड्याने काय होणार असं वाटतं. अर्ध्या बॉनेटला दोन फवारे पुरे, आणि ते रंगावर नको, फडक्यावर मारा. पसरवा, लगेच फडकं पालटून कोरड्या बाजूने पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने एकदा. तेवढं झाल्यावरच पुढचा भाग. पहाटे किंवा झाकलेल्या पार्किंगमध्ये, आणि पत्र्यावर हाताची उलटी बाजू ठेवून गार लागला तरच. त्यानंतर निदान १२ तास गाडीला पाणी लागू देऊ नका.

आत्ताचे चट्टे काढायला थोडा तोच स्प्रे ओल्या फडक्यावर घ्या, चट्ट्यावर फिरवा, ताजा थर जुन्याला मऊ करतो, आणि ताबडतोब कोरडं करा. नाहीच निघाले तर शाम्पूने धुऊन परत. बाटली डिकीत ठेवत असाल तर घरात आणा, त्या उष्णतेत आतलं मिश्रण फाटतं.

प्रश्न : पांढरी गाडी, रोज स्टेशनच्या पार्किंगमध्ये. जवळून बघितलं तर सगळीकडे बारीक नारिंगी ठिपके आहेत. गंज आला म्हणावं तर गाडी तीन वर्षांची. डिटेलरने हलत नाहीत. (ठाणे)

उत्तर : घाबरू नका, तुमच्या पत्र्याचा गंज नाहीये तो. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक घासून लोखंडाची अगदी बारीक भुकटी हवेत उडते, ती गरम असताना क्लिअर कोटवर बसते, रुतते आणि पाणी लागलं की तिथेच गंजते. काळ्या गाडीवरही असते, दिसत नाही एवढंच. गाडी धुऊन, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर हलकेच बोटं फिरवा, खरखर लागेल, नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं.

आधी आयर्न रिमूव्हर नावाचं लिक्विड सावलीत, गार पॅनलवर मारा. लोखंडाला लागलं की ते जांभळं होऊन ओघळायला लागतं, वास फार घाण असतो, हातमोजे घाला, वाळू न देता धुऊन टाका. उरलेलं काढायला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, आणि इथे तुमचा क्विक डिटेलर खऱ्या अर्थाने कामाला येतो, कारण क्लेला निसरडं काहीतरी लागतंच. दोन वीत चौकोन धरा, डिटेलरने चांगला ओला करा, मातीच्या वडीएवढा क्ले चपटा करून न दाबता सरळ पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला क्ले अडखळतो आणि बारीक आवाज येतो, मग हळूहळू आवाज बंद होऊन तो सरकायला लागतो, तो भाग झाला. क्ले उलटून बघा, मळ दिसेल, घडी घालून नवी बाजू काढा. खाली पडला तर टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी. क्ले मारल्यावर रंगावर आधीचं मेण वगैरे काहीच उरत नाही, म्हणून त्याच दिवशी सीलंट किंवा सिरॅमिक स्प्रे लावा. वर्षातून एकदा पुरे.

प्रश्न : समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर. डिटेलर मारत राहिलं तर खाऱ्या हवेने गाडी गंजणार नाही ना? (मालवण)

उत्तर : रंगाला मदत होईल, गंज मात्र थांबणार नाही. गंज सुरू होतो तो दगड लागून टवका उडालाय तिथून, दाराच्या खालच्या कडांमधून आणि गाडीच्या पोटाखालून, आणि यातल्या कुठेच स्प्रे पोचत नाही. टवक्यांना टच-अप पेंट लावून घ्या, पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग तपासा, दर आठवड्याला खालून गोडं पाणी मारा. आणि सकाळी गाडीवर मिठाचा जो चिकट ओलसर थर येतो तो फडक्याने नुसता पुसू नका, आधी पाणी.

प्रश्न : आमचे आबा अजूनही गाडीला डिझेलचं फडकं मारतात. चमकते पण खरी. त्यांना कसं सांगू? (कोल्हापूर)

उत्तर : आबांनी ज्या जीप आणि अँबेसेडर सांभाळल्या त्यांच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसायचा, ऊन खाऊन रंग पांढरट पडायचा आणि तेलकट काही लावलं की परत उजळायचा, त्यामुळे त्यांचा अनुभव खोटा नाही. आजच्या गाडीवर डिझेलचा तो तेलकट पापुद्रा धूळ धरून ठेवतो, दुसऱ्या दिवशी तीच धूळ फडक्याखाली येते, आणि दरवाज्यांची रबरं फुगतात ती वेगळीच. आबांना क्विक डिटेलरची बाटली आणि एक मायक्रोफायबर आणून द्या आणि धुतलेल्या गाडीवर अर्ध्या बॉनेटला त्यांच्याच हाताने मारायला लावा. डांबराचे ठिपके काढायला मात्र त्यांचं डिझेल उत्तम आहे, ठिपक्यापुरतं लावायचं आणि ती जागा शाम्पूने धुऊन टाकायची, तेवढं काम त्यांच्याकडेच राहू द्या.

प्रश्न : गाडीला सिरॅमिक कोटिंग केलंय. पार्किंगवर कबुतरं बसतात. कोटिंगवाले म्हणाले काहीच मारू नका. (नाशिक)

उत्तर : मेण आणि तेलकट काही मारू नका इतकं खरं, त्याने कोटिंगचं पाणी पळवणं झाकलं जातं. सिलिकावाला हलका डिटेलर चालतो, तरी वॉरंटीच्या कागदावर कुठला चालेल लिहिलंय का बघा. विष्ठेसाठी डिटेलरची छोटी बाटली आणि टिश्यू हाताशी ठेवाच, कारण त्यातलं आम्ल उन्हात काही तासांत कोटिंगसकट रंगात उतरतं. टिश्यू डिटेलरने चिंब करून त्यावर ठेवा, दोन मिनिटं थांबा, मग उचलून घ्या, घासू नका, त्यात दाण्यांचे कण असतात.

प्रश्न : मागच्या आठवड्यात दार ठोकून रंगवून घेतलं. पेंटर म्हणतो महिनाभर कुठलाही स्प्रे, पॉलिश लावू नको. चमक वेगळी दिसतेय म्हणून हात शिवशिवतात. (सांगली)

उत्तर : पेंटरचं ऐका. कंपनीत रंग मोठ्या भट्टीत भाजला जातो, गॅरेजमध्ये तेवढं तापमान देता येत नाही, त्यामुळे रंगातलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करणारं द्रव, पुढे काही आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतं, वर मेण किंवा सीलंट लावलं की ते अडतं. साधं पाणी आणि सौम्य शाम्पू एवढंच, तेही सावलीत. महिन्यानंतर आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात थोडा स्प्रे लावून बघा, मग पूर्ण दार. आणि पुढे कधी गाडी परत रंगवायला द्याल तेव्हा आधी सिलिकॉनवाला स्प्रे वापरत होतो हे पेंटरला आवर्जून सांगा, सिलिकॉन नीट निघालं नाही तर नव्या रंगात बारीक बारीक खळगे पडतात आणि सगळं घासून परत करावं लागतं.